लेन्स निवडताना काय सोडायचं ते आधी ठरवा

कॅनॉनच्या आरएफ माउंटच्या (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची जागा) ५० मिलिमीटरच्या दोन लेन्स टेबलावर शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच कामासाठी आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसणार नाही. एक एफ/१.८, वजन १६० ग्रॅम, मुठीत मावणारी. दुसरी एफ/१.२, वजन ९५० ग्रॅम. ती उचलताना दुसरा हात आपोआप मदतीला येतो. पहिलीत ६ भिंगं, दुसरीत १५. बाजारात आल्या तेव्हा दुसरीची किंमत पहिलीच्या दहापटीहून जास्त होती. आणि कॅमेऱ्याला लावून पाहिलं, तर दोन्हींतून दिसणारी चौकट तीच.

एवढा फरक कशापायी पडतो, हे एकदा उमगलं की लेन्सच्या जाहिराती वाचायची नजरच बदलते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

लेन्सवरचा एफ-आकडा म्हणजे एक साधा भागाकार आहे. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला, एफ-आकड्याने भागलं की उजेड आत येण्याच्या वाटेची रुंदी कळते. ५० भागिले १.८ म्हणजे साधारण २८ मिमी. ५० भागिले १.२ म्हणजे साधारण ४२ मिमी. रुंदी दीडपट झाली की क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, म्हणजे उजेडही सव्वादोनपट येतो. पण त्यासाठी काच रुंद लागते, जाड लागते, आणि कडेकडून येणारे किरण जास्त वाकवावे लागतात. सगळी कटकट तिथे सुरू होते. फोटोचे कोपरे मऊ पडतात, उजळ वस्तूभोवती जांभळी किनार उमटते, रात्रीच्या दिव्यांना कोपऱ्यात शेपट्या फुटतात. हे दोष आवरायला आणखी भिंगं घालावी लागतात, त्यांतली काही खास काचेची, काही घडवायला अवघड आकाराची. मग ती सगळी हलवायला फोकसची मोटरही दणकट लागते. वजन आणि किंमत दोन्ही तिथून वाढत जातात.

उलट एफ/१.८ची लेन्स स्वस्त पडते, कारण तिची मांडणी मुरलेली आहे. १८९६ साली झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी ‘प्लानार’ नावाची लेन्स काढली. तिच्यात मधल्या ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या, दोन्ही अंगांना भिंगांची जवळजवळ सारखीच रचना होती. आजच्या बहुतेक साध्या ५० मिमी लेन्स त्याच वंशातल्या आहेत. कमी भिंगं, नेहमीची काच आणि प्रचंड खप, त्यामुळे भाव खाली राहतो.

आता मुद्द्यावर येतो. लहान, स्वस्त आणि उत्तम या तीन गोष्टींतल्या एका लेन्समध्ये बहुधा दोनच मिळतात. कॅनॉनची एफ/१.८ लहान आणि स्वस्त आहे, पण ॲपर्चर पूर्ण उघडलं की कोपरे मऊ. सोनीची २४-७० मिमी एफ/२.८ जीएमची दुसरी आवृत्ती २०२२ साली आली, तेव्हा पहिलीचं ८८६ ग्रॅम वजन ६९५ वर आलं आणि गुणवत्ताही वाढली. त्याचा मोबदला खिशातून गेला. निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.८ एस ही कोपऱ्यापर्यंत उत्तम आणि एफ/१.२च्या मानाने परवडणारी. पण ५० एफ/१.८ म्हणून ४१५ ग्रॅम हे वजन काही थोडं नाही.

पण इथेच थांबलात तर निवड करता येणार नाही, कारण ‘उत्तम’ ही एक गोष्ट नाही. त्यात उजेड आला, कोपऱ्यांची शार्पनेस आली, फोकसचा वेग आला, झूमचा पल्ला आला, हाताची थरथर आवरणारं स्टॅबिलायझेशन आलं, पावसाधुळीपासून बचाव आला. यांतली जी गोष्ट तुम्ही कधी वापरतच नाही ती सोडून दिलीत, तर लहान आणि स्वस्त लेन्स तुमच्यापुरती उत्तमही ठरते. म्हणून लेन्स शोधायला बसण्याआधी आपण काय वापरत नाही ते शोधायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: आपलेच फोटो उघडा

माझ्या भाचीने मला विचारलं, “मामा, पुढची लेन्स कोणती घेऊ?” मी म्हटलं, “आधी फोटो दाखव. चांगले नकोत, बिघडलेले दाखव.”

ती एका हौशी नाटक मंडळीच्या तालमींचे फोटो काढते. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग, क्रॉप म्हणजे तो लहान), लेन्स सोबत आलेली १८-५५ मिमीची. आम्ही शेवटचे तीन-चारशे फोटो संगणकावर उघडले आणि प्रत्येकाची नोंद पाहत गेलो: फोकल लेंथ, ॲपर्चर, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), आयएसओ (कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घेतला). ही माहिती प्रत्येक फोटोच्या आत साठवलेली असते. लाइटरूम किंवा डिजिकॅमसारख्या प्रोग्रॅममध्ये फोकल लेंथनुसार फोटो गाळून बघता येतात. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. बहुतेक फोटो ५५ला, एफ/५.६ला आणि १/३० सेकंदाला काढलेले. मागची खुर्ची नीट, भिंत नीट, नटाचा हात मात्र धुरासारखा पसरलेला.

ही शेवटची खूण फार मोलाची आहे. स्थिर वस्तू नीट आणि माणूस पुसट, तर दोष माणसाच्या हालचालीचा. तिथे शटर जलद हवं, म्हणजे उजेड जास्त हवा. सगळाच फोटो एका दिशेने पुसट असेल तर हात हलला आहे. तिथे स्टॅबिलायझेशन किंवा तिवई उपयोगी पडेल. नाक नीट आणि डोळे मऊ असतील तर फोकस चुकला आहे, आणि त्याचं औषध बहुधा नवी लेन्स नसून सराव असतं. पक्षी ठिपक्याएवढा आला असेल तर फोकल लेंथ कमी पडली, किंवा आणखी जवळ जायला हवं होतं. बिघडलेल्या फोटोंची अशी वर्गवारी करा. ज्या कारणाचे फोटो सर्वांत जास्त, त्यावर पैसे घालवायचे.

प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, घ्यायचा विचार असेल तर आणखी एक करा. हातातला झूम ३५ला फिरवा, रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तसाच वापरा. पुढच्या आठवड्यात ५०ला. कुठल्या आठवड्यात चिकटपट्टी काढावीशी वाटली, ते लक्षात ठेवा. मी हे केलं तेव्हा ५०ची माझी हौस चार दिवसांत फिटली. माझ्या खोल्यांत मागे सरायला जागाच नव्हती. याला पैसा लागत नाही, आणि कुठलंही परीक्षण वाचून हे कळत नाही.

दुसरी पायरी: सेन्सरचा हिशेब

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो. क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, कॅनॉनचा किंचित लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमीचा. लहान सेन्सर चौकटीचा मधला भागच टिपतो, त्यामुळे ५० मिमीची लेन्स क्रॉप सेन्सरवर ७५ किंवा ८० मिमीसारखी दिसते आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी. फुल फ्रेमवाल्यांनी लिहिलेली शिफारस वाचताना हा गुणाकार केला नाही, तर घरातल्या फोटोंसाठी म्हणून घेतलेली लेन्स फक्त चेहरे टिपते.

लहान सेन्सरचा खरा फायदा लेन्सच्या आकारात आहे. सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ फक्त क्रॉप सेन्सरसाठी बनलेली आहे आणि तिचं वजन २९० ग्रॅमच्या आसपास आहे. फुल फ्रेमवर तेवढाच पल्ला देणारी वरची सोनी, हलकी झाल्यानंतरही, दुपटीहून जड. पार्श्वभूमी मात्र फुल फ्रेमवर जास्त विरघळते, तेवढं सोडावं लागतं.

‘पुढेमागे फुल फ्रेम घेईन, तेव्हा लेन्स आत्ताच त्याची घेऊन ठेवतो’ असं बरेच जण म्हणतात. वाइड आणि मधल्या पल्ल्याच्या लेन्सबाबत मला ते पटत नाही. आज हातात असलेल्या कॅमेऱ्यावर त्या विनाकारण जड आणि महाग पडतात, आणि तो पुढचा कॅमेरा कित्येकांच्या घरी येतच नाही. लांब पल्ल्याच्या लेन्सचं वेगळं. तिथे आकार सेन्सरवर कमी आणि पुढच्या काचेच्या रुंदीवर जास्त ठरतो, त्यामुळे फुल फ्रेमची घेतली तरी फारसं बिघडत नाही. आणि ५० एफ/१.८ सारख्या लहान प्राइमलाही हा नियम लावायची गरज नाही.

तिसरी पायरी: उजेड किती हवा

ॲपर्चरचे पूर्ण टप्पे पाठ करून टाका: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११. एका टप्प्याला एक स्टॉप म्हणतात. एक स्टॉप खाली आलं, म्हणजे आकडा लहान झाला, की उजेड दुप्पट.

भाचीचा हिशेब आता कागदावर मांडता आला. चालत्याबोलत्या नटाला थोपवायला साधारण १/२५० हवं. १/३० वरून १/६०, १/१२५, १/२५० हे तीन स्टॉप. आयएसओ आणखी वाढवायचा नव्हता, म्हणजे हे तीनही स्टॉप ॲपर्चरमधून काढायचे: ५.६ वरून ४, ४ वरून २.८, २.८ वरून २. याचा अर्थ एफ/२ला चांगली चालणारी, ५० मिमीच्या आसपासची कुठलीही लेन्स. एफ/१.२ची गरजच निघाली नाही. तिने साधी ५० एफ/१.८ घेतली. तिने सोडलं काय? झूम सोडला, पण ती ५५लाच असायची. स्टॅबिलायझेशन सोडलं, पण हलणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. कोपऱ्यांची शार्पनेस सोडली, पण फुल फ्रेमच्या लेन्सचे कोपरे क्रॉप सेन्सर तसेही कापून टाकतो, आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात काळोखच असतो.

असा हिशेब प्रत्येक वेळी मांडता येतो. ७०-२०० मिमीचा झूम बघा. कॅनॉनचा आरएफ एफ/२.८ साधारण १०७० ग्रॅमचा, एफ/४ साधारण ६९५ ग्रॅमचा. मधला फरक एक स्टॉपचा: १६०० आयएसओच्या जागी ३२००, किंवा १/२५०च्या जागी १/१२५. डोंगर, इमारती, उन्हातले कार्यक्रम यांसाठी एफ/४ घ्या आणि पाठीला आराम द्या. बंदिस्त सभागृहातले खेळ किंवा नाच हे तुमचं नेहमीचं काम असेल, तर मात्र तो एक स्टॉप रोज कामी येतो, तिथे काटकसर करू नका.

दूरच्या पक्ष्यांच्या बाबतीत हा सौदा सर्वांत ठळक दिसतो. कॅनॉनने २०२० साली ६०० मिमी एफ/११ची लेन्स काढली, वजन ९३० ग्रॅम. त्याच माउंटची ६०० मिमी एफ/४ ३ किलोंहून जड आहे, आणि किंमत तर नवख्याने विचारूही नये अशी. भागाकार करून बघा: ६०० भागिले ११ म्हणजे साधारण ५५ मिमी, ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिमी. ही दीडशे मिलिमीटर रुंदीची काचच तुम्ही विकत घेत असता. बदल्यात तीन स्टॉप, म्हणजे आठपट उजेड. एफ/४ला ८०० आयएसओवर जो फोटो निघतो त्याला एफ/११ला ६४०० लागतो. भर सकाळच्या उन्हात हे निभतं, झाडीतल्या सावलीत निभत नाही. शिवाय या एफ/११चं ॲपर्चर कायम ११लाच असतं. मधला मार्गही आहे: निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ १४६० ग्रॅमची, तर ५०० एफ/४ ३०९० ग्रॅमची. एक स्टॉप सोडला की वजन निम्म्याखाली येतं.

पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी मोठं ॲपर्चर हवं असं वाटत असेल, तर एक आकडा जवळ ठेवा. फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ/१.८, दोन मीटरवरचा चेहरा: फोकसमध्ये राहणारी खोली सुमारे ६ सेंटिमीटर. डोळे नीट असतील तर कान सुटलेलेच असतात. एफ/१.२ला ती सुमारे ४ सेंटिमीटरवर येते. माणसाने श्वास घेताना मान हलवली तरी डोळा निसटतो. म्हणून व्यक्तिचित्रं काढणारे अनेक जण महाग लेन्स घेऊनही एफ/२.८च्या आसपास काम करतात.

चौथी पायरी: वजन अंगावर घेऊन बघा

वजनाचा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. म्हणून तो खांद्यावर घ्या. ज्या लेन्सचा विचार चालू आहे तिच्या वजनाइतकं पाणी बाटलीत भरा (१ लिटर म्हणजे १ किलो, हिशेब सोपा), ती बाटली कॅमेऱ्यासोबत पिशवीत टाका आणि दोन दिवस जिथे जाल तिथे न्या. दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना पिशवी घरी ठेवावीशी वाटली, तर उत्तर मिळालं.

मी हे न करता पहिला मोठा झूम घेतला होता. लेन्स अप्रतिम होती, आजही तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वर्षभराने फोटो पाहिले तेव्हा प्रवासातले, संध्याकाळच्या फेरफटक्यातले, घरच्यांचे सगळे फोटो फोनवरचे निघाले. वडिलांबरोबर रोज चालायला जायचो. त्या वर्षातला त्यांचा एकही नीट फोटो माझ्याकडे नाही. हे मला अजून लागतं. त्यानंतर मी ४० मिमीची छोटी लेन्स घेतली आणि ती कॅमेऱ्यावरून क्वचितच निघते. निकॉनची झेड ४० मिमी एफ/२ या जातीची आहे: १७० ग्रॅम, प्लॅस्टिकचा माउंट, ६ भिंगं. मोजमापात ती त्यांच्याच ५० एफ/१.८ एसपुढे उणी ठरते. सोबत मात्र तीच असते.

वजनाबरोबर तोलही बघा. लहान कॅमेऱ्याला पुढे जड लेन्स लावली की मनगट दुखतं. फिल्टरचा आकारही पाहून ठेवा. कॅनॉनच्या त्या ५० एफ/१.८ला ४३ मिमीचा लागतो, एफ/१.२ला ७७चा, आणि मोठे फिल्टर महाग असतात.

जुन्या डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, लेन्स ॲडॅप्टर लावून मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, चालतात, स्वस्तही मिळतात, पण लांबी मोजा. कॅनॉनच्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमीवर असतो, आरएफमध्ये २० मिमीवर. हा २४ मिमीचा फरक ॲडॅप्टर भरून काढतो. २०१२च्या ४० मिमी एफ/२.८ या पॅनकेक, म्हणजे चपट्या, लेन्सची स्वतःची लांबीच २३ मिमीच्या आसपास आहे, म्हणजे ॲडॅप्टर लावताच ती दुप्पट होते आणि तिचा सगळा गुण संपतो. मोठ्या लेन्सला हाच ॲडॅप्टर जाणवतही नाही.

पाचवी पायरी: शार्पनेस किती पुरेशी

परीक्षणांमध्ये सर्वांत जास्त जागा शार्पनेसला मिळते, आणि नवख्यांचे सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. थोडा धीर धरा.

जवळपास प्रत्येक लेन्स ॲपर्चर दोन-तीन स्टॉप बंद केलं की सुधारते. एफ/५.६ ते एफ/८ या टापूत स्वस्त आणि महाग लेन्समधलं अंतर खूप आटतं. एफ/११च्या पुढे, विशेषतः एफ/१६ला, प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो आणि सगळ्याच लेन्स मऊ होतात. तिथे महाग लेन्सही काही करू शकत नाही. म्हणजे तिवईवर कॅमेरा ठेवून एफ/८ला निसर्गचित्रं काढणाऱ्याला एफ/१.४च्या लेन्सचे पैसे मोजायची गरज नाही. रात्रीचं आकाश टिपणाऱ्याला मात्र आहे, कारण तो ॲपर्चर उघडंच ठेवतो आणि कोपऱ्यातल्या ताऱ्यांना फुटलेल्या शेपट्या लगेच डोळ्यांत भरतात.

फोटो शेवटी किती मोठा पाहणार, हेही विचारा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. फोर-के पडद्यावर मावतात सुमारे ८३ लाख. फोटो पडद्याइतका करून पाहिला की कोपऱ्यातला बराचसा मऊपणा दिसेनासा होतो. भिंतीवर मोठा छापणार असाल किंवा फोटो खूप कापत असाल, तर मात्र शार्पनेसला किंमत द्या.

लेन्स किती स्पष्ट टिपते ते दाखवणारे, कंपन्या देतात ते एमटीएफ आलेख वाचायचे असतील तर दोन गोष्टी पुरतात. दर मिलिमीटरला १० रेषांचा आलेख कॉन्ट्रास्ट सांगतो, ३० रेषांचा बारीक तपशील. डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे मधून कोपऱ्याकडे जाणं. आणि यांतले बरेच आलेख आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात, त्यामुळे एका कंपनीचा आलेख दुसरीच्या आलेखाशी ताडून पाहू नका.

लहान लेन्समध्ये काही दोष जाणूनबुजून ठेवलेले असतात. कॅनॉनची आरएफ १६ मिमी एफ/२.८ अवघी १६५ ग्रॅमची आहे. तिच्यात सरळ रेषा बाहेरच्या बाजूला चांगल्याच फुगतात. कॅमेरा त्या आतल्या आत सरळ करतो आणि तेवढे कोपरे ताणले जातात. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला तो प्रामाणिक सौदा वाटतो, कारण हेच काम भिंगांनी करायचं तर लेन्स कितीतरी मोठी झाली असती. फक्त तुमच्या रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली उघडणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये त्या लेन्सची प्रोफाइल, म्हणजे तिचे दोष सुधारायची माहिती, आहे ना, ते आधी तपासा.

सॉफ्टवेअरला जे जमत नाही, तिथे पैसे घाला: चुकलेला किंवा संथ फोकस, समोर दिवा आला की फोटोभर पसरणारी पांढुरकी झळ, धूसर भागातले कांद्याच्या चकतीसारखे दिसणारे दिवे. व्हिडिओ काढत असाल तर मोटरचा आवाज आणि फोकस बदलताना चौकट आत-बाहेर होते का, हेही पाहा. आणि किती जवळून फोकस होतो ते विसरू नका. फुलं, दागिने, हस्तकला टिपणाऱ्याची निम्मी निवड त्या एका आकड्यावर ठरते.

सहावी पायरी: किंमत कुठे खाली आणता येते

आधी आपल्या माउंटसाठी आणखी कोण लेन्स बनवतं ते पाहा. सिग्मा आणि टॅमरॉन यांनी ‘काय सोडायचं’ हा प्रश्न फार चांगला सोडवला आहे. टॅमरॉनची फुल फ्रेमची २८-७५ मिमी एफ/२.८ ५४० ग्रॅमची आहे आणि कॅमेरा कंपन्यांच्या २४-७०पेक्षा बरीच स्वस्त. गुणवत्तेत फार मागे नाही. मग सोडलं काय? वाइड बाजूचे ४ मिमी. ते थोडे वाटतात, पण २४ला कोपरा ते कोपरा ८४ अंश दिसतात आणि २८ला ७५. खोलीभर माणसं एका चौकटीत घेणाऱ्याला हे ९ अंश रोज लागतील, व्यक्तिचित्रं काढणाऱ्याला कधीच नाही. तुमचे जुने फोटो पहिल्या पायरीत उघडलेले आहेतच. त्यांतले किती अगदी वाइड टोकाचे आहेत, ते मोजा.

मागची आवृत्ती हा दुसरा मार्ग. नवी आली की जुनीचा भाव उतरतो, आणि काढलेले फोटो जसेच्या तसे चांगले राहतात. तिसरा मार्ग वापरलेल्या लेन्सचा. कॅमेऱ्यापेक्षा लेन्स वापरलेली घेणं मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण जपलेली लेन्स दहा-पंधरा वर्षं सहज चालते. शक्य असेल तर आधी दोन दिवस भाड्याने किंवा ओळखीत मागून आणा.

सातवी पायरी: घेताना आणि घेतल्यावर तपासा

वापरलेली लेन्स असेल तर ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स घेऊ नका. सगळीकडे दुधाळ पापुद्रा दिसला तरी नको. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा त्रास देतो, कारण ती सेन्सरच्या जवळ असते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. रिंगा फिरवताना कुठे अडकतात का ते हाताने जोखा, आणि एकदा अगदी जवळ, एकदा लांब फोकस करून पाहा.

नवी असली तरी परत करायची मुदत संपण्याआधी एक चाचणी कराच. कारखान्यात एखादं भिंग किंचित तिरकं बसतं आणि फोटोची एक बाजू मऊ येते. दूरवर सपाट दिसणारं काहीतरी शोधा, मोठी इमारत चालेल. कॅमेरा तिवईवर ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा, टायमर लावा. एकच लहान, उठून दिसणारी खूण, समजा एखादी खिडकी, आळीपाळीने चारही कोपऱ्यांत येईल असे चार फोटो काढा आणि प्रत्येक वेळी फोकस त्या खिडकीवरच करा. मग चारही फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. तीन चांगले आणि एक वाईट असेल तर चाचणी पुन्हा करा, आणि तोच कोपरा पुन्हा मऊ आला तर लेन्स बदलून घ्या. झूम असेल तर हे दोन्ही टोकांना करा.